निम्म्या सिक्वेन्सना नावच लागत नाही (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मातीच्या नमुन्यांतल्या १६एस जनुकाच्या (ज्यावरून जिवाणू ओळखतात) व्ही४ भागाचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. चाइम २ (QIIME 2, अशा डेटाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) मध्ये डाडा२ (वाचनातल्या चुका गाळून खरे सिक्वेन्स काढणारी पायरी) विनातक्रार चाललं, पण सिल्व्हा या संदर्भ-डेटाबेसच्या तयार क्लासिफायरने (सिक्वेन्सला जिवाणूचं नाव देणारा प्रोग्रॅम) जवळपास निम्म्या सिक्वेन्सवर ‘अनअसाइन्ड’चा शिक्का मारला. कॉन्फिडन्स (नाव देण्यासाठी लागणारी किमान खात्री) ०.५ केला तरी तेच. डेटाबेस बदलू का?

उत्तर : नको. कॉन्फिडन्सही मुकाट्याने ०.७ वर परत न्या. तो उतरवला की नावं वाढतात, ती बरोबर असतीलच असं नाही. बिननावाच्या सिक्वेन्सपैकी सर्वांत जास्त रीड (मशीनने वाचलेले तुकडे) असलेले पाच-सहा ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचं साधन) टाका. जुळणीच्या डोक्यावर ‘स्ट्रँड’ लिहिलेलं असतं. तिथे ‘प्लस/मायनस’ दिसलं आणि जुळणी ९७ टक्क्यांच्या वर असली, तर तुमचे जिवाणू ओळखीचेच आहेत, सिक्वेन्स तेवढे उलटे आहेत.

पीसीआरनंतर अडॅप्टर (मशीनसाठी टोकाला लावायचे तुकडे) लायगेशनने, म्हणजे चिकटवून, जोडले, तर तुकडा कुठल्याही टोकाकडून वाचला जातो. क्लासिफाय-एसकेलर्न (तुमचा क्लासिफायर चालवणारी आज्ञा) मात्र सुरुवातीचे १०० सिक्वेन्स बघून एकच दिशा ठरवतो आणि सगळ्यांना तीच लावतो. त्यामुळे रीड-ओरिएंटेशन (दिशेची सेटिंग) हाताने बदललंत, तर आज नाव मिळालेले उद्या बेनाम होतील.

दुरुस्ती डाडा२ च्या आधी करायची. मूळ डेटावर कटअडॅप्ट (प्रायमर कापणारा प्रोग्रॅम) दोनदा चालवा, दोन्ही वेळा डिस्कार्ड-अनट्रिम्ड (प्रायमर न सापडलेले रीड टाकून देणारा पर्याय) लावून. पहिल्यांदा आर१ ला ५१५एफ आणि आर२ ला ८०६आर प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे; आर१-आर२ म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन टोकांकडच्या वाचनाच्या फाइली), दुसऱ्यांदा उलट. दुसऱ्या संचातल्या आर१-आर२ फाइलींची अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही संच एकाच दिशेला येतील. मग डाडा२ वेगवेगळं चालवून टेबलं ‘सम’ (बेरीज) पद्धतीने जोडा. प्रायमर निघालेले असल्याने जुळवलेले सिक्वेन्स साधारण २५३ बेसचे निघायला हवेत.

व्हीसर्च (सिक्वेन्स थेट डेटाबेसशी जुळवणारा प्रोग्रॅम) वर आधारित क्लासिफायर दोन्ही दिशा तपासतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण त्याने फक्त नावं लागतात. एकच जिवाणू टेबलात दोन ओळींत मोजला जातो आणि विविधता फुगते ती फुगतेच.

प्रश्न : १६ जीबीच्या लॅपटॉपवर क्लासिफिकेशन मध्येच ‘किल्ड’ होतं.

उत्तर : मेमरी संपते. जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) १ ठेवा, कारण प्रत्येक वाढीव जॉबला मेमरी जास्त लागते. रीड्स-पर-बॅच (एका खेपेला घ्यायचे सिक्वेन्स) १००० करा. तरीही अडलं, तर सिल्व्हाचा पूर्ण लांबीचा क्लासिफायर सोडून ५१५एफ/८०६आर साठी बनवलेला घ्या. तो बराच हलका असतो. ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं, तर मात्र मेमरी नव्हे, तात्पुरत्या फाइलींची जागा भरली आहे. टीएमपीडीआयआर (TMPDIR, त्या फाइलींची जागा सांगणारी सेटिंग) मोठ्या डिस्ककडे वळवा.

प्रश्न : मित्राकडचा क्लासिफायर सायकिट-लर्नच्या (क्लासिफायर ज्यावर बनतो ते पॅकेज) आवृत्तीवरून अडतो. जुनी आवृत्ती टाकू?

उत्तर : चाइमच्या एन्व्हायर्नमेंटमधली पॅकेजं अशी सुटी बदलू नका, दुसरंच काहीतरी मोडेल. तुमच्या चाइम आवृत्तीसाठी दिलेला क्लासिफायर उतरवा, नाहीतर त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये नव्याने ट्रेन करा.