टिन व्हिसल यांत्रिक का वाजते?

प्रश्न : घरी सॉफ्टवेअरवर आयरिश जिग (६/८ तालातली नाचाची चाल) रचतोय. चाल जमली, पण टिन व्हिसल (धातूची छोटी आयरिश बासरी) की-बोर्डसारखी वाजते. काय चुकतं?

उत्तर : बहुधा एकच सूर लागोपाठ येतो तिथे चुकतं. दोनदा ‘जी’ (पाश्चात्त्य स्वर) लिहिलात की सॉफ्टवेअर दोन्हींना सारखाच आघात देतं. आयरिश वादक मात्र पुष्कळदा जिभेने फुंक न तोडता वरच्या भोकावरचं बोट निमिषभर उचलतो. यालाच ‘कट’ म्हणतात. म्हणून दुसऱ्या ‘जी’च्या जागी, अगदी ठोक्यावर, ३०-४० मिलिसेकंदांचा ‘बी’ ठेवा आणि लगेच ‘जी’. वाद्य मोनो-लेगाटो मोडवर (एका वेळी एकच सूर, मध्ये नवा आघात नाही) हवं आणि सूर किंचित एकमेकांवर चढलेले, नाहीतर कटऐवजी नुसती टिकटिक ऐकू येते.

क्वांटाइझ (सूर ग्रिडवर नेमके बसवणं) १०० टक्के नको. ६/८ च्या प्रत्येक ठोक्यात पहिला सूर लांब, दुसरा आखूड असतो. ९६० टिकांच्या ग्रिडवर (टिक म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वेळेचं सर्वांत छोटं माप) दुसरा ३०-४० टिक उशिरा सुरू करून बघा.

श्वासाचं तर हमखास राहून जातं! दर दोन-चार मात्राखंडांनी एखादा बिनमहत्त्वाचा सूर चक्क काढून टाका. सूर मिडी (सॉफ्टवेअरमधले सुरांचे क्रमांक) ७४ ते ९८ मध्येच ठेवा. डी व्हिसलवर (जिचा सर्वांत खालचा सूर डी) त्याखाली काही वाजत नाही.