भाड्याच्या खोल्या बदलत गेलेलं लहानपण मुलांसाठी लिहावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत भाड्याच्या खोल्या बदलत गेलेलं तुमचं लहानपण दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहायचं आहे, पण मुलं घाबरतील म्हणून काही गाळावं का.

मारहाण, शिवीगाळ यांचा तपशील हवा तर कमी करा. पण खोली का सोडावी लागली ते मात्र गाळू नका.

आठवीपर्यंत मी पाच खोल्यांत राहिले. लालबाग, कांजूर, भांडुपमध्ये दोन, मग कळवा. प्रत्येक ठिकाणी ११ महिन्यांचा करार. दहावा महिना लागला की बाबा रात्री हळू आवाजात डिपॉझिटचं बोलायचे आणि दोन-चार दिवसांत आई माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढायची. आम्हा भावंडांना कुणी काही सांगत नसे. मग मी माझं मीच कारण शोधलं. लालबागच्या खोलीत मी भिंतीवर खडूने रेघोट्या ओढल्या होत्या, म्हणून मालकांनी आम्हाला काढलं. पुढची कितीतरी वर्षं मी कुठल्याच भिंतीला हात लावला नाही.

तुमच्या वाचकांतही असं एखादं मूल असेल. त्याच्यासाठी करार, दलाल, डिपॉझिट हे सगळं गोष्टीत येऊ द्या. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, त्यातून ११ महिन्यांची रीत पडली. आता महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे हा करारही नोंदवावाच लागतो, तरी ११ चा आकडा टिकून आहे. बाराव्या वर्षी हे नीट कळतं, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

शाळेचंही तसंच. जुन्या शाळेचा दाखला मिळेना म्हणून मी भांडुपला दोन आठवडे घरी बसले. शेजारच्या मुली दप्तर घेऊन जाताना मी दाराआड उभी राहायचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. असा प्रसंग लिहिलात तर ही ओळही जोडा.

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) वाचलं नसेल तर वाचा. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या मुलाचं शिक्षण त्यात आहे. पुस्तक मोठ्यांसाठी आहे, मुलांच्या हाती तसंच देऊ नका. पण घर पाठीवर असताना शाळा कशी धरून ठेवतात, हे लिहिणाऱ्याने त्यातून शिकावं.

आणखी एक कळकळीने सांगते. शेवटी स्वतःचा फ्लॅट झाला, हे शेवटचं प्रकरण करू नका. ज्याला परवा खोली सोडायची आहे, त्या मुलाला तुमच्या फ्लॅटचा काय उपयोग? तिसऱ्या खोलीतली कुठली मैत्रीण तुमच्यासाठी खिडकीत थांबायची, नवीन नळाला पाणी किती वाजता येतं हे आईला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं, ते लिहा.

आणि लिहायला बसण्याआधी घरच्यांना एकेका खोलीबद्दल विचारा. मी आईला विचारलं तेव्हा चाळिशीत होते. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “लालबागची ना? मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं गं. त्यांना खोली हवी होती.”