'फक्त सह्या करायच्या आहेत' असं सांगितलं जातंय. घरच्या कंपनीत डायरेक्टर व्हावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांची भोसरी एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि आता दुसरा डायरेक्टर म्हणून तुमचं नाव घालायचं ठरतंय. 'तुला काही करायचं नाही, फक्त सह्या' असं घरात सांगितलंय. चाळीस माणसांच्या कंपनीत गव्हर्नन्स, नीतिमत्ता या गोष्टी कशाला लागतात, असंही तुम्ही विचारलंय.

मी २००६ साली मोठ्या भाऊजींच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या शेडमध्ये, अशीच डायरेक्टर झाले. शाळेत गणित शिकवायचे. सह्या कोथरूडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर व्हायच्या. सीएच्या ऑफिसातला मुलगा सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून कागद आणायचा. मी फुली बघून सही करायचे, पान वाचत नव्हते.

२००८ची दिवाळी झाली आणि गाड्यांची मागणी पडली. मोठ्या कारखान्यांत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखाना पूर्ण बंद ठेवणं, सुरू झालं, मग त्यांना पार्ट पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या शेडमध्येही प्रेस थंड पडले. पुढच्या उन्हाळ्यात आमचा एक ऑपरेटर घरी आला. मुलीच्या लग्नासाठी त्याने पीएफमधून पैसे काढायचा अर्ज केला होता, तेव्हा त्याला कळलं की सात महिने भरणाच झालेला नाही. पगाराच्या स्लिपवर कपात मात्र दर महिन्याला होती. चहा नको म्हणाला, बसलाही नाही. "वहिनी, तुम्ही पण मालकच ना? कागदावर तुमची सही आहे म्हणतात."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कंपनीचं लेजर, म्हणजे खातेवही, मागवून वाचलं. ज्या सात महिन्यांत पीएफ भरला नव्हता, त्या सातही महिन्यांत शेडचं भाडं पाच तारखेच्या आत गेलं होतं. शेड जाऊबाईंच्या नावावर. त्याच वर्षी भाडं वाढवलेलं, आणि त्या ठरावाखाली माझी सही.

भाऊजी लबाड नव्हते, हे मला आजही सांगायचंय. पोलादवाल्याचे पैसे थकले की माल बंद होतो, वीजबिल थकलं की मशीन बंद होतं. पीएफ थकला तर त्या दिवशी काहीच बंद पडत नाही. म्हणून तो मागे राहिला. 'ऑर्डरी आल्या की भरू' असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा कंपनीचा नसतोच. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि कापून न भरणं हा फौजदारी कायद्यात विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो.

तेव्हापासून माझ्या लेखी गव्हर्नन्सचा अर्थ एवढाच आहे: पैसा अपुरा पडतो तेव्हा कोणाचं देणं आधी आणि कोणाचं नंतर हे कोण ठरवतं, आणि त्याला प्रश्न विचारायला समोर कोणी असतं का. आमच्याकडे विचारण्याची जागा माझी होती, आणि मी फुल्या बघत होते.

मोठ्या कंपन्यांत हे आपोआप होत असेल असंही समजू नका. आमचा पीएफ थकत होता त्याच हिवाळ्यात, १६ डिसेंबर २००८ला, हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोर्डाने, ती चालवणाऱ्या राजू कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्यांसाठी सुमारे १.६ अब्ज डॉलरच्या खरेदीला मंजुरी दिली. बोर्डावर नामवंत स्वतंत्र संचालक, म्हणजे मालक-कुटुंबाबाहेरचे डायरेक्टर, होते. अडवलं ते बाहेरच्या गुंतवणूकदारांनी, आणि व्यवहार लगेच मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नव्हतीच. आकडे सोडा, पण घरच्यांशी व्यवहार आणि गप्प बसलेलं बोर्ड ही जोडी आमच्या शेडमध्येही होती.

त्यानंतर २०१३चा कंपनी कायदा आला. त्यात नावापुरता डायरेक्टर अशी जागाच नाही. कलम १६६ नुसार डायरेक्टरने काळजीपूर्वक आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो, आणि कंपनीच्या हितासोबत कामगारांचं हितही बघायचं असतं. चुकलं तर एक ते पाच लाख दंड. कंपनीने सलग तीन वर्षं हिशेब किंवा वार्षिक विवरणपत्र सादर केलं नाही तर तिचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली असे तीन लाखांहून अधिक लोक अपात्र ठरले. 'मला काही माहीतच नव्हतं' हे म्हणण्याआधी तुम्ही माहिती करून घ्यायचा प्रयत्न केला होता का, हेच विचारलं जातं.

तेव्हा नकोच म्हणा, असं मी म्हणत नाही. घरातली एक शहाणी बाई बोर्डावर असणं कंपनीच्या भल्याचंच आहे. पण सही करण्याआधी मागचे तीन ताळेबंद, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि टीडीएसची (कापलेल्या आयकराची) चलनं, आणि घरच्या माणसांना भाडं, पगार किंवा व्याज म्हणून काय जातं त्याची यादी मागा. सासऱ्यांना थेट विचारायला अवघड वाटत असेल तर 'मामंजी, मला शिकायचंय' म्हणून मागा. ते खरंही आहे. मिटिंग खरोखर घ्यायला लावा. लहान कंपनीलाही वर्षातून दोन बोर्ड मिटिंगा घ्याव्याच लागतात, पण पुष्कळ ठिकाणी मिटिंग होतच नाही आणि सप्टेंबरात सगळी मिनिट्स, म्हणजे मिटिंगच्या नोंदी, एकदम लिहिली जातात. एखादा ठराव पटला नाही तर तुमचा विरोध नावानिशी मिनिट्समध्ये लिहून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. एक सांगते, बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी मागितली तर ती वेगळी वाचा, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला तरी ती हमी आपोआप सुटत नाही.

आमचं पुढे काय झालं, तर मी बोर्डाला लेखी पत्र दिलं की थकबाकी भरेपर्यंत शेडचं भाडं थांबवा. घरात मोठं भांडण झालं. दोन दिवाळ्या भाऊजी आमच्याकडे आले नाहीत. अखेर एक प्रेस विकून पीएफ व्याज-दंडासकट भरला. तोवर त्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. ऑपरेटरने पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, त्याचं व्याज त्यानेच फेडलं. ते कंपनीने द्यायला हवं होतं आणि मी त्यासाठी पुरेशी भांडले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता टेबलावर कागद येत नाहीत. डिजिटल सहीचा टोकन असतो, पेन ड्राइव्हसारखा, आणि बहुतेक घरांत तो सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. तुमचा टोकन तुमच्या कपाटात ठेवा, पिन कोणाला सांगू नका. काय भरायचंय ते आधी वाचा आणि मगच तो लावा.