स्वस्त इलेक्ट्रिक गिटार ही नक्कल असते का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे आणि गेली तीन वर्षे ती साधी, म्हणजे अकूस्टिक गिटार शिकते आहे. आता तिला स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचे प्रसिद्ध मॉडेल) घडणीची इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. आमची ऐपत अँपसह (गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासह) ३० हजार रुपयांपर्यंत आहे आणि तेवढ्यात स्क्वायर किंवा यामाहाची गिटार बसते. तिच्या मित्रमंडळींचे म्हणणे असे की, अमेरिकन फेंडर सोडली तर बाकी सगळी नक्कल आहे, तेव्हा दोन-तीन वर्षे थांबून पैसे साठवावेत. आम्ही थांबावे का, आणि दुकानात गिटार पारखावी कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया थांबू नका. शिकण्याच्या ऐन उमेदीतली दोन-तीन वर्षे नावासाठी वाया घालवावीत, एवढे अंतर या दोन वाद्यांत आज उरलेले नाही.

आधी ‘नक्कल’ या शब्दाविषयी. स्क्वायर ही अमेरिकेतील तारा बनवणारी जुनी कंपनी १९६५ साली फेंडरने विकत घेतली, आणि १९८२ पासून जपानमध्ये तयार होणाऱ्या आपल्याच स्वस्त गिटारींना फेंडरने ते नाव दिले. त्यामुळे स्क्वायर ही फेंडरच्याच घरातली गिटार आहे. यामाहासारख्या कंपन्या तशाच आकाराची गिटार करतात, त्यातही काही गैर नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या धडाचा आकार केवळ आपल्याच मालकीचा मानावा, ही फेंडरची मागणी अमेरिकेतील व्यापारचिन्ह मंडळाने २००९ साली फेटाळली आहे. अनोळखी कारागिराच्या गिटारीवर फेंडरचे नाव चिकटवून ती विकली जाते, ती मात्र खरी बनावट, आणि तिच्यापासून दूरच राहावे.

मुलीने निवडलेली घडणही तुमच्या फायद्याची आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९५४ साली बाजारात आलेली त्यांची स्ट्रॅटोकास्टर कारखान्यात झपाट्याने जुळवता यावी अशाच बेताने आखलेली होती : धड वेगळे, नेक (गिटारीची लांब मान) वेगळा, आणि दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेले. जे मुळातच यंत्रावर करण्यासाठी योजले, ते दुसऱ्या देशातल्या यंत्रावरही चांगलेच होते. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल गिटारीत नेक सरसाने धडात बसवलेला असतो आणि धडाच्या वरच्या मेपलला कोरून उठाव दिलेला असतो. तिथे स्वस्त आणि महाग यांतले अंतर मला अधिक जाणवते.

स्क्वायर आणि अमेरिकन फेंडर या दोन्ही स्ट्रॅटोकास्टरमध्ये नट (नेकच्या टोकाची, तारा खाचांत बसवणारी पट्टी) ते ब्रिज (धडावरचा तारांचा आधार) ही तारेची लांबी ६४८ मिलिमीटरच असते आणि फ्रेटच्या (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा संगणकावर चालणारे यंत्र पाडते. मग पैसे वाचतात कुठे? माझ्या अनुभवात मुख्यतः हातकामात. फ्रेटची टोके घासून गोल करणे, सर्व फ्रेट एका पातळीत आणणे, नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कोरणे, या कामांना कारागिराचा वेळ लागतो आणि स्वस्त गिटारीत नेमका तोच कमी मिळतो. आपण तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहता. जवारी (घोडीचा पृष्ठभाग घासून सूर खुलवण्याचे काम) नीट लागलेली नसेल तर उत्तम भोपळ्याचा तंबोराही बोलत नाही, हे आपणांस सांगायला नको. गिटारीच्या नटचे आणि फ्रेटचे तसेच आहे, आणि हे राहिलेले हातकाम आपल्याकडे थोड्या खर्चात करून घेता येते.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने नवी, स्वस्त गिटार माझ्याकडे आणली. तिसरी तार ओढून वाजवली की दर वेळी उतरायची, आणि खुंट्या बदलायच्या असे त्याने ठरवूनच टाकले होते. मी नटजवळ कान नेऊन खुंटी सावकाश पिळली, तेव्हा बारीक ‘टिक’ असा आवाज आला. खाच अरुंद असल्यामुळे तार तिथे अडकत होती आणि ताण वाढला की एकदम सुटत होती. बारीक कानशीचे चार हात आणि खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड, एवढ्यावर ती गिटार सुरात राहू लागली. खुंट्या त्याच आहेत.

दुकानात गिटार आधी अँपशिवाय वाजवायला लावा, कारण अँपच्या आवाजात बरेच दोष झाकले जातात. नेकच्या कडेवरून बोट फिरवून फ्रेटची टोके टोचतात का ते पाहा. उन्हाळ्यात लाकूड आकसते तेव्हा ती अधिकच बाहेर येतात. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी, बाराव्याच्या पुढे तार ओढून सूर मध्येच गुदमरतो का ते ऐकावे, आणि बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून काढलेला सूर व दाबून काढलेला सूर एक येतो का ते ट्यूनरवर तपासावे. हे शेवटचे जुळत नसेल तर बहुधा ब्रिजवर दुरुस्त होते. नेक मात्र पिळलेला असेल तर ती गिटार कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण त्यावरचा इलाज गिटारीच्या किमतीला परवडत नाही.

महाग गिटारीत आपण काहीच जास्त घेत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे स्विच आणि पॉट (आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांखालचे भाग) वर्षानुवर्षे खरखर न करता चालतात, ट्रेमोलोखालचा (दांडीने तारांचा ताण हलवता येणाऱ्या ब्रिजखालचा) ठोकळा सहसा जस्ताच्या मिश्रधातूऐवजी पोलादाचा असतो, पिकअपमध्ये (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात) स्वस्त सिरॅमिकऐवजी बहुधा अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, आणि पुढे विकायची झाली तर तिला किंमत येते. पण यांतील पहिल्या तीन गोष्टी पुढे एकेक करून बदलता येतात. धडाचे लाकूड पॉपलर की अल्डर, या वादात तर आपण पडूच नये. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जे पोहोचते त्यात अँपचा वाटा लाकडापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून ३० हजारांतले सात-आठ हजार लहानसा पण चांगला अँप आणि सेटअप (कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेणे) यांसाठी आधीच बाजूला ठेवावेत.

स्वस्त गिटारींत एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे निघत नाहीत. त्यामुळे बंद खोके उचलून आणू नका. मुलीला बरोबर न्या, दुकानदाराला त्याच मॉडेलचे दोन-तीन नग काढायला सांगा, आणि तिला ते घाई न करता वाजवून पाहू द्या.