आई दोन मिनिटांत ‘ठेवते गं’ म्हणते

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत असते आणि आई तासगावजवळ गावी एकटीच, वय ७४. भावाने तिला स्मार्टफोन घेऊन दिलाय. मी ऑफिसला निघायच्या आधी सकाळी ७ ला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेचार असतात. पण कधी नुसता पंखा दिसतो तर कधी तिचा कान, कारण सवयीने ती फोन कानालाच लावते. ‘जेवलीस का, थंडी पडली का’ एवढं झालं की ‘बरं, ठेवते गं’ म्हणून कट. तिला माझ्याशी बोलावंसंच वाटत नाही का? फार लागतं मनाला.

उत्तर: अगं, तसं अजिबात नाहीये. आईच्या पिढीने एसटीडी बूथवर रांग लावून फोन केलेत, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, मागचा माणूस खाकरतोय, त्यामुळे खुशाली कळली की फोन ठेवायचा हेच त्यांना माहीत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला २०१६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आईची सवय त्याहून कितीतरी जुनी. तिला वाटतं तुझं बिल वाढतंय. भावाला सांग, तिला नीट समजावून दे की रिचार्जमधे रोजचा ठरलेला डेटा मिळतो आणि नाही वापरला तर तो रात्री बाराला वायाच जातो. वाया जातो म्हटलं की आपल्या आया बरोबर वापरतात!

दुसरं म्हणजे फोन तिच्या हातात देऊच नको. ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा ठेवायला सांग, खिडकी तिच्या पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा दिसतो. कमी ऐकू येत असेल तर स्पीकर चालू आणि टीव्ही बंद. रेंज कमी असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे तो भावाला चालू करून द्यायला सांग, चित्र जरा अंधुक होतं पण आवाज तुटत नाही.

आणि खरं सांगू का, रोज रोज बोलायला विषय कुठून आणणार गं? घरी असतीस तर समोरासमोर बसून बोलत थोडीच राहिली असतीस. माझी धाकटी बहीण लांब आहे, आम्ही कितीतरी दिवस असंच जेवलीस का, काय केलंस करून ठेवून द्यायचो. मग एकदा मी मेथी निवडत होते म्हणून फोन समोर तसाच राहू दिला, ती तिकडे लसूण सोलत होती, पाच पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही आणि मग एकदम ती म्हणाली, ‘आई काड्या अशाच बाजूला ठेवायची ना?’ आणि त्यानंतर तासभर आम्ही आईबद्दल बोलत बसलो, त्याआधी वर्षभरात बोललो नव्हतो एवढं. तुझं ७ वाजता डबा भरणं चालू असेल ना, तेच तिला दाखव. भाजीत काय घातलंस ते विचारू दे, चुका काढू दे. मागचा कॅमेरा कसा लावायचा ते शिकव म्हणजे ती तुळस दाखवेल, दारातलं मांजर दाखवेल.

एक मात्र आईला बजावून सांग, अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलायचा नाही. भामटे पोलिसाच्या वेषात ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केलीय म्हणून घाबरवतात, असं काही कायद्यात नाहीये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आणि हो, तुमच्याकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात, आपल्याकडे तसं काही नसतं. तुझे ७ तेच राहतील पण आईकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतील. आधीच सांगून ठेव, नाहीतर ती साडेचारलाच चहा उरकून फोन समोर घेऊन बसेल.