वाचकांचे प्रश्न : लखनौचा हिवाळा आणि कोकणातली लिची

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त लखनौला असते. तिथला पावसाळाही आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर असतो आणि मोसमी वारेही तेच. तरीही नातवाकडच्या नकाशात कोकणाला ‘उष्ण कटिबंधीय मोसमी’ आणि गंगेच्या मैदानाला ‘उपोष्ण कटिबंधीय मोसमी’ असे दोन वेगळे रंग दिले आहेत. हा फरक कशावरून ठरवतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हा फरक मुख्यतः हिवाळ्यावरून ठरतो. मोसमी हवामान म्हटले की आपण सगळे पावसाकडे पाहतो आणि थंडीचा विचार मागे पडतो, म्हणून हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला.

हवामानाच्या प्रकारांची जी वर्गवारी आज जगभर सर्वाधिक वापरली जाते, ती व्लादिमीर कोपेन या शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास मांडली. ते वनस्पतींच्या अभ्यासातून हवामानशास्त्राकडे वळले होते, त्यामुळे कुठल्या प्रदेशात कोणती झाडे तग धरतात यावरून त्यांनी सीमारेषा आखल्या. वर्षातील सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल आणि पाऊसही पुरेसा पडत असेल, तर तो प्रदेश उष्ण कटिबंधीय. मुंबईची जानेवारीची सरासरी सुमारे २४ अंश आहे, लखनौची जेमतेम १५. शिवाय उन्हाळ्यातील सर्वांत गरम महिना २२ अंशांच्या वर जात असेल आणि हिवाळ्यातील सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस पावसाळ्यातील सर्वांत ओल्या महिन्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असेल, तर त्या हवामानाला उपोष्ण कटिबंधीय मोसमी म्हणतात. लखनौ, पाटणा, प्रयागराज ही शहरे या कसोट्यांना पूर्ण उतरतात. दिल्लीही यातच धरतात, मात्र ती निमशुष्क प्रदेशाच्या अगदी उंबरठ्यावर आहे.

यातूनच तिथल्या वर्षाचा चढउतार लक्षात येतो. मुंबईत सर्वांत थंड आणि सर्वांत गरम महिन्यांच्या सरासरीत साधारण सहा अंशांचा फरक असतो, तर दिल्लीत तो वीस अंशांच्या आसपास जातो. एप्रिल ते जून या काळात पश्चिमेकडून येणारी ‘लू’ ही कोरडी, भाजून काढणारी हवा दुपारभर वाहते आणि काही दिवस पारा ४५ अंशांवर जातो. या तापलेल्या जमिनीवर हवेचा दाब उतरतो आणि राजस्थानातील गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा तयार होतो. त्याच्या उत्तरेच्या अंगाला वारे पूर्वेकडून वाहतात. म्हणूनच कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतो, तर आपल्या मुलीला लखनौमध्ये तो पूर्वेच्या वाऱ्याबरोबर, ज्याला तिकडे ‘पुरवैया’ म्हणतात त्याच्याबरोबर, आलेला दिसेल. उपसागरावरची ओल गंगेच्या खोऱ्यातून वर सरकताना वाटेत झडत जाते, त्यामुळे वर्षाचा पाऊस कोलकात्यात १६०० मिलिमीटरच्या वर, पाटण्यात ११०० च्या आसपास आणि दिल्लीत ७७० च्या जवळपास भरतो.

मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख मुंबईसाठी ११ जून, तर दिल्लीसाठी २७ जून आहे. परतीचा प्रवास मात्र वायव्येकडून सुरू होतो, त्यामुळे उशिरा भिजणारी दिल्ली लवकर कोरडी होते. आपला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो आणि बिहारमध्ये आर्द्रा नक्षत्र लागल्यावर खीर आणि डाळपुरी करून पावसाचे स्वागत होते, यामागे हीच दिवसांची तफावत आहे, असे आम्हाला वाटते. एक गोष्ट मात्र तिथल्या पावसाळ्याची खास आहे. तो कमी दाबाचा पट्टा अधूनमधून उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग मैदानात पावसाचा खंड पडतो, डोंगरात मात्र मुसळधार होते आणि बिहारमध्ये स्वच्छ उन्हातही नद्यांना पूर येतात.

आता तो हिवाळा. मध्य आशियातील गोठवणारी हवा हिमालयाच्या भिंतीमुळे अडते, तरीही लांब रात्री, निरभ्र आकाश आणि पडलेला वारा यांमुळे मैदान झपाट्याने थंड होते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाची वादळी क्षेत्रे, थोडाफार पाऊस देऊन जातात, आणि ते गेल्यावर ओलसर जमिनीवर दिवसचे दिवस दाट धुके साचते. हा पाऊस मोजायला गेले तर किरकोळ, दिल्लीत जानेवारीत २० मिलिमीटरच्या आतबाहेर. पण गव्हाला तो नेमक्या वेळी मिळतो. गव्हाच्या दाण्याला भरण्यासाठी सावकाश संपणारी थंडी लागते. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेकडील गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. या हवामानाचे सारे अर्थकारण त्या थंडीवर किती टेकलेले आहे, हे यावरून दिसते.

प्रश्न : नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. मग विदर्भ उपोष्ण कटिबंधात का धरत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : कारण येथे रात्रीचे नीचांकी तापमान न पाहता दिवस-रात्र मिळून महिन्याची सरासरी पाहतात. नागपूरच्या दुपारी हिवाळ्यातही उबदार असतात, त्यामुळे ती सरासरी २० अंशांच्या आसपास राहते. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे नकाशावरच्या उष्ण कटिबंधातच, आहे. मात्र कर्कवृत्त ही काटेकोर सीमा समजू नये. भोपाळ त्या वृत्ताच्या किंचित दक्षिणेला असूनही तेथील जानेवारी १८ अंशांच्या रेषेवरच घुटमळतो.

प्रश्न : दापोलीजवळच्या आमच्या बागेत लिचीचे झाड चांगले वाढले आहे, पण फळ धरत नाही. खत-पाण्यात काही चुकते आहे का?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून खता-पाण्याचा दोष दिसत नाही. लिची हे अस्सल उपोष्ण मोसमी हवामानाचे फळ आहे. तिला मोहोर धरण्यासाठी काही आठवडे थंड आणि कोरडी हवा लागते; हिवाळा उबदार आणि दमट गेला, की त्याच फांद्यांवर मोहोराऐवजी पालवी फुटते. आपल्या झाडाला जानेवारीत तांबूस कोवळी पालवी येत असेल, तर हेच कारण समजावे.

लिचीचे मूळ स्थान दक्षिण चीन आहे, आणि तिच्या बागा मुझफ्फरपूर, डेहराडून, उत्तर व्हिएतनाम अशा ठिकाणी बहरल्या, कारण तेथे वर्षाच्या उष्ण महिन्यांत भरपूर पाऊस आणि हिवाळ्यात कोरडी थंडी हा क्रम जुळतो. मुझफ्फरपूरच्या शाही लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हे हवामान सगळीकडे अगदी एकसारखे मात्र नसते. अमृतसर आणि शांघाय जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण शांघायची जानेवारीची सरासरी ५ अंशांच्या जवळ असते आणि अमृतसरची त्याच्या दुपटीच्या आसपास. सैबेरियाची थंड हवा पूर्व चीनमध्ये थेट दक्षिणेपर्यंत उतरते, कारण तिला अडवणारा हिमालय तेथे नाही. शांघायमध्ये हिवाळाही पुरता कोरडा नसतो, म्हणून कोपेन यांच्या कोष्टकात त्याचे घर वेगळे आहे.

आपल्या बागेपुरते सांगायचे तर पावसाळा संपल्यावर झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा आणि नत्रयुक्त खत त्या काळात टाळावे. याने काही वर्षी थोडा मोहोर मिळू शकेल. पण दरवर्षीच्या उत्पन्नाच्या भरवशावर आणखी झाडे लावू नयेत. त्या जागेत आंबा, काजू किंवा जायफळ अधिक शोभेल.