तेल बदलल्यावर वळणावर गुरगुर : लिमिटेड स्लिप डिफरन्शियलविषयी

प्रश्न : मी मस्कतमध्ये राहतो. माझ्याकडे जुनी, वाय-६१ मॉडेलची निसान पेट्रोल (Patrol) ही गाडी आहे. गेल्या महिन्यात एका गॅरेजमध्ये मागच्या डिफरन्शियलचे (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) तेल बदलून घेतले. तेव्हापासून तळघरातील पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवले की मागून गुरगुर ऐकू येते आणि बारीक धक्के जाणवतात. सरळ रस्त्यावर मात्र सर्व ठीक आहे. मागच्या ॲक्सलला एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे. डिफरन्शियल उघडावे लागेल, असे गॅरेजवाले म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, मस्कत

उत्तर : डिफरन्शियल उघडण्याची घाई करू नका. आवाज तेल बदलल्यावरच सुरू झाला आणि तो फक्त तीव्र वळणावर येतो, या दोन गोष्टी पाहता पहिला संशय तेलावरच घ्यायला हवा. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधील मुख्य दातेरी चाकांची जोडी) किंवा बेअरिंग खराब असते, तर सरळ रस्त्यावरही वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर ऐकू आली असती.

आपल्या गाडीच्या एलएसडीमध्ये पातळ प्लेट्सचा गठ्ठा असतो. त्यांतील एकाआड एक प्लेट चाकाकडे जाणाऱ्या गिअरशी आणि उरलेल्या प्लेट्स बाहेरच्या केसशी जोडलेल्या असतात. एक चाक वाळूत फिरत राहिले, तरी या प्लेट्समधील घर्षणामुळे दुसऱ्या चाकाला काही जोर मिळतो. वळणावर मात्र बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, तेव्हा याच प्लेट्स एकमेकींवरून सावकाश सरकाव्या लागतात. साधे गिअर ऑइल भरले असेल, तर त्या सरकण्याऐवजी चिकटतात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. आपल्याला ऐकू येणारी गुरगुर बहुधा हीच आहे. म्हणून एलएसडीच्या तेलात घर्षण बेताचे ठेवणारे फ्रिक्शन मॉडिफायर मिसळलेले असते. या यंत्रणेत तेल केवळ वंगण नसून प्लेट्सइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि गॅरेजमध्ये नेमके हेच दुर्लक्षिले जाते.

प्रथम कोणते तेल भरले ते बिलावर पाहा. डब्यावर एपीआय जीएल-५ ही गिअर ऑइलची प्रत आणि लिमिटेड स्लिपसाठी योग्य असल्याचा उल्लेख, हे दोन्ही हवेत. नुसते जीएल-५ पुरेसे नाही. दाटपणा गाडीच्या पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्यानुसार निवडावा. मॉडिफायर वेगळ्या बाटलीतही मिळते, पण ते आधीच मिसळलेल्या तेलात पुन्हा ओतू नये, कारण घर्षण फार कमी झाले तर प्लेट्सची पकडच सुटते.

तेल पुन्हा बदलताना गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण निथळते. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत. ड्रेन प्लगला (तेल काढायच्या बुचाला) हात लावण्यापूर्वी वरचा फिलर प्लग (तेल भरायचे बूच) सुटतो का, ते पाहणे फार आवश्यक आहे. तेल काढून टाकल्यावर तो गंजून अडकल्याचे कळले, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. ड्रेन प्लगला चुंबक असेल, तर त्यावर काय जमले आहे ते बोटांत चोळून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज समजावी. टोचणारे तुकडे किंवा दातांच्या कपच्या निघाल्या, तरच डिफरन्शियल उघडण्याचा विचार करावा. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. आपल्याकडे गाडी वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राच्या पाण्यातून नेली जाते. डिफरन्शियलचे तापलेले हाउसिंग (बाहेरचे कवच) पाण्यात एकदम थंड होते, आतील हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा वेळी किलोमीटर मोजत न बसता तेल लगेच बदलावे आणि ब्रीदरची नळी मोकळी आहे ना, ते तपासावे.

नवे तेल फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरावे. मग मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेत गाडी फिरवावी. नवे तेल प्लेट्समध्ये शिरायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या काही वळणांत आवाज राहिला तरी काळजी करू नये. त्यानंतरही तो टिकला, तर मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का, ते पाहा. असमान टायरांमुळे सरळ रस्त्यावरही प्लेट्स सतत घासत राहतात. तेल योग्य आणि टायर सारखे असूनही गुरगुर थांबली नाही, तर मात्र प्लेट्स तपासून घ्याव्या लागतील.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मागचे एकच चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून गाडी गिअरमध्ये टाकू नका आणि गॅरेजमध्ये कोणाला टाकूही देऊ नका. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेले चाकच फिरते; एलएसडीमध्ये जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो, गाडी जॅकवरून उडी घेते आणि खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.